पक्षी सप्ताहातील व्याख्याने आणि आपला बुलढाणा जिल्हा

दर वर्षी ५ नोव्हेंबरपासून १२ नोव्हेंबरपर्यंतचे दिवस महाराष्ट्रात 'पक्षी सप्ताह' म्हणून पाळले जातात. राज्य सरकारने ह्या सप्ताहास २०२० साली मान्यता दिली. त्या दिवसांत शाळांतून, वाचनालयांतून व गावच्या चावडीवर पक्षी, वृक्ष आणि वन्य प्राणी ह्यांविषयी व्याख्याने होतात, चित्रे दाखविली जातात, आणि पहाटेच्या वेळी मुलांस तळ्याकाठी नेले जाते. आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांनी अशी व्याख्याने ऐकली असतील. पालकांपैकी काहींनी मात्र, "पाखरांचे काय ऐकायचे! ती तर रोज शेतात दिसतात," असे म्हणून घरची वाट धरली असेल. ह्या दोघांसाठीही हा लेख आहे. अशा व्याख्यानापासून आपण काय घ्यावे, आणि त्यात आपल्या पदरचे काय घालावे, हे सांगण्याचा आमचा उद्देश आहे.

प्रथम ह्या तारखांचे कारण पाहू. १२ नोव्हेंबर १८९६ हा डॉ. सालिम अली ह्यांचा जन्मदिवस. मुंबईत वाढत असताना ह्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग कोणती, हा प्रश्न त्याच्या मनात आला. मामांच्या सांगण्यावरून तो ती घेऊन १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला. तेथील चिटणीस मिलर्ड साहेबांनी त्यास हाकलून दिले नाही. उलट, कपाटांचे खण उघडून भुसा भरून ठेवलेले शेकडो पक्षी दाखविले. त्या दिवसापासून मुलाचे आयुष्य पाखरांच्या मागे लागले, आणि १९४१ साली त्याच्या हातून भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला.

५ नोव्हेंबर १९३२ हा मारुती चितमपल्ली ह्यांचा जन्मदिवस. ते सोलापूरचे, मातृभाषा तेलुगू, परंतु लेखणी मराठी. वनखात्यात नोकरी करिताना त्यांनी नवेगाव बांध, मेळघाट, नागझिरा अशा रानांत वर्षानुवर्षे वास्तव्य केले, आणि तेथील आदिवासी, कोळी व गुराखी ह्यांच्या तोंडची पक्ष्यांची, झाडांची व माशांची नावे टिपून ठेविली. बगळे-करकोचे एकत्र घरटी करितात त्या वस्तीस 'सारंगागार', कावळ्यांच्या रात्रीच्या मुक्कामास 'काकागार' असे शब्द मराठी वाचकांस परिचित झाले ते त्यांच्या लेखणीमुळे. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १८ जून २०२५ रोजी त्यांचे देहावसान झाले.

आता ह्या दोन चरित्रांत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. एके ठिकाणी प्रश्न पडलेला मुलगा जाणत्या माणसाकडे गेला. दुसऱ्या ठिकाणी शिकलेला अधिकारी, आपण ज्यांस अडाणी म्हणतो त्यांच्या दाराशी गेला. दोन्हीकडून ज्ञान वाढले. आमच्या मते निसर्गविषयक व्याख्यानाचे मर्म ह्यातच आहे. एकाने बोलावे व शंभरांनी माना डोलवाव्या, एवढ्याने भागत नाही. वक्त्याने पुस्तकातले द्यावे, आणि श्रोत्यांनी आपल्या बांधावरचे, आपल्या आजोबांच्या तोंडचे त्यास द्यावे.

आणि देण्यासारखे आपल्या जिल्ह्यात थोडे नाही. आपण 'घाटावर' व 'घाटाखाली' असे म्हणतो, त्या शब्दांतच जिल्ह्याची रचना आली. घाटाखाली पूर्णेचे काळ्या मातीचे सपाट खोरे. त्याच्या उत्तरेस सातपुडा. आणि घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार ह्यांचे पठार. घाटाखालचे पाणी पूर्णा व तापी ह्यांच्या वाटेने अरबी समुद्रास मिळते. घाटावरचे पैनगंगा व खडकपूर्णा ह्यांच्यातून गोदावरीस व पुढे बंगालच्या उपसागरास जाते. जमीन, पाणी व उंची बदलली म्हणजे झाडे बदलतात, आणि झाडे बदलली म्हणजे पाखरेही बदलतात. बुलढाणा व खामगाव ह्यांच्या मध्ये सुमारे २०५ चौरस किलोमीटरांचे ज्ञानगंगा अभयारण्य आहे. तेथे साग, सालई, अंजन ह्यांच्या सावलीत बिबळे व अस्वले राहतात. संग्रामपूर तालुक्यातील अंबाबरवा अभयारण्य मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पास जोडलेले आहे. देऊळगाव राजाकडे खडकपूर्णेच्या जलाशयावर हिवाळ्यात परदेशी पाणपक्षी उतरतात. लोणारचे सरोवर तर जगास माहीत आहे.

परंतु ओळख घराजवळून सुरू करावी हे बरे. बांधावरचे उंबराचे झाड घेऊ. कोणी फार दिवसांनी भेटला म्हणजे आपण त्यास 'उंबराचे फूल' म्हणतो; कारण उंबराला फूल कोणी पाहिलेले नसते. वस्तुतः उंबराला फुले असतात, आणि तीही शेकड्यांनी. परंतु ती फळाच्या आत, पोकळीच्या भिंतीस चिकटलेली असतात. तोंडाशी असलेल्या बारीक छिद्रातून एक चिमुकला कीटक आत शिरतो. त्याच्या अंगावरील परागांमुळे फुले फळतात, आणि त्याची अंडीही तेथेच वाढतात. वड, पिंपळ व उंबर ह्या सर्वांचा संसार असाच चालतो, आणि बहुधा प्रत्येक जातीचा कीटक निराळा असतो. अशी झाडे वेगवेगळ्या वेळी फळत असल्यामुळे रानात दुसरे काही नसते तेव्हाही पाखरांस अन्न मिळते. आपल्या राज्याचा पक्षी हरियल, म्हणजे पिवळ्या पायांचा हिरवा कबुतर, ह्या फळांवरच मुख्यतः जगतो. पानांत तो इतका मिसळून जातो की, टाळी वाजविल्यावर थवा उडाला म्हणजेच तो तेथे होता हे कळते. ट्रॅक्टर वळविण्यास अडचण होते म्हणून बांधावरचा जुना वड तोडला, तर शेतकऱ्यास दोन सऱ्या अधिक मिळतात. परंतु हरियलास जवळपास दुसरे तसे झाड मिळेलच असे नाही. नवा वड लावला तरी तो तसा मोठा होण्यास माणसाचे अर्धे आयुष्य लागते.

सुगरणीचेही उदाहरण घ्या. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला तिचे खोपे लोंबताना सर्वांनी पाहिले आहेत. नाव स्त्रीचे, परंतु विणकाम करितो तो नर. खोपा अर्धवट विणून झाला की मादी येऊन त्याची पाहणी करिते. पसंत पडला तरच नर तो पुरा करितो, नाही तर दुसरा विणावयास घेतो. पावशा 'पेरते व्हा' असे ओरडतो आणि पाऊस आणतो, असे आपण ऐकतो. पाऊस तो आणीत नाही. परंतु त्याचा विणीचा हंगाम पावसाच्या सुमारास येतो. तो स्वतः घरटे बांधीत नाही. सातभाईच्या घरट्यात त्याची मादी अंडे ठेविते, आणि बिचारे सातभाई परक्याचे पोर वाढवितात. म्हणजे शेतकऱ्याने जी वेळ ओळखली ती बरोबरच होती. कारण तेवढे निराळे निघाले.

टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस भरपूर, नदीच्या पात्रात घातली तर अवर्षण, असेही म्हणतात. हे खरे की खोटे? विद्यार्थ्यांनी ह्यावर वाद घालू नये, वही घालावी. गावाभोवती टिटवीची अंडी कोठे दिसली, त्या वर्षी पाऊस किती पडला, हे पाच-सात वर्षे लिहून ठेवावे, आणि मग बोलावे. अंडी मात्र हातात घेऊ नयेत. ती मातीच्या रंगाची असून उघड्यावर असतात; तोच त्यांचा बचाव आहे.

घराजवळचे पाहावयाचे सोडले तर काय होते, ह्याचा एक मोठा दाखला शास्त्राच्या इतिहासातच आहे. आपल्या परिचयाच्या पिंगळ्याचा रानपिंगळा म्हणून एक भाऊबंद आहे. १८७३ साली त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन झाले. १८८४ साली खानदेशात त्याचा एक नमुना मिळाला, आणि त्यानंतर तो कोणास आढळेना. ११३ वर्षे तो नाहीसा झाल्याचेच मानले जात होते. १९९७ सालच्या नोव्हेंबरात अमेरिकेतून आलेल्या पक्षीशास्त्रज्ञांस तो शहाद्याजवळच्या रानात दिवसाउजेडी बसलेला सापडला. पुढे शोध करिता मेळघाटात तो चांगल्या संख्येने असल्याचे दिसून आले. रानपिंगळा दिवसाही हिंडतो व ओरडतो. तेव्हा त्या रानात लाकूडफाट्यास जाणाऱ्या माणसांनी तो इतक्या वर्षांत पाहिलाच नसेल, असे कोण म्हणेल? परंतु त्यांस कोणी विचारले नाही, आणि आपण पाहतो त्यास जगात किंमत आहे हे त्यांसही ठाऊक नव्हते.

उलट जेथे अशा माणसांस विचारले गेले तेथे लाभ झाला आहे. आपल्या शेजारच्या अकोला व वाशीम जिल्ह्यांतील माळांवर पावसाळ्यात तणमोर नावाचा फार दुर्मीळ पक्षी येतो. तेथील फासेपारधी समाजास त्याच्या सवयी पिढ्यान्‌पिढ्या माहीत होत्या, त्या शिकारीसाठी. आता त्यांच्यापैकी काहीजण तीच माहिती त्याच्या रक्षणासाठी उपयोगात आणीत आहेत.

आता गिधाडांची गोष्ट सांगू. ती पालकांनी विशेष लक्ष देऊन वाचावी, कारण ती गोठ्यातून सुरू होते. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की आकाशातून गिधाडे उतरत व थोड्या वेळात केवळ हाडे उरत. १९९० नंतर ही गिधाडे झपाट्याने मरू लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या भारतात शंभरांत एकाहूनही कमी उरली. रोग असेल, विषारी कीटकनाशक असेल, असे नाना तर्क झाले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने खरे कारण उघड झाले. गुरांच्या दुखण्यावर देण्यात येणारे डायक्लोफिनॅक नावाचे औषध त्यास कारण होते. असे औषध दिलेले जनावर लवकरच मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, तर त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरत. शेतकऱ्याने आपल्या बैलाचे दुःख हलके करण्यासाठी जे केले, त्यात त्याचा काही दुष्ट हेतू नव्हता. त्यास कोणी सांगितले नव्हते, एवढेच. २००६ साली भारत सरकारने गुरांसाठी हे औषध बनविण्यास बंदी केली. मेलॉक्सिकॅम हे औषध गुरांस गुण देते आणि गिधाडांस बाधत नाही. २०२३ साली आणखी दोन घातक औषधांवर बंदी आली. तरी माणसांसाठीचे डायक्लोफिनॅक दुकानात मिळतेच. यास्तव गुराचा इलाज करिताना डॉक्टरांस, "हे गिधाडांस चालते ना?" असा एक प्रश्न विचारावा. ह्या एका प्रश्नाचे मोल पुष्कळ आहे. गिधाड एका विणीत एकच अंडे घालते. गेलेली संख्या भरून येण्यास कित्येक दशके लागतील.

वाघाची हकीकतही आपल्या जिल्ह्याचीच आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण नर वाघाच्या गळ्यात शास्त्रज्ञांनी संदेश पाठविणारा पट्टा बांधला होता. २०१९ च्या जूनमध्ये तो स्वतःचे रान शोधावयास निघाला. विदर्भ, मराठवाडा व तेलंगण ह्यांतून हिंडत तो त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या ज्ञानगंगेच्या रानात येऊन पोहोचला. नऊ महिन्यांत तो तीन हजार किलोमीटरांहून अधिक चालला. हा प्रवास त्याने बहुतेक रात्रीच्या वेळी, शेतांतून, नाल्यांच्या काठाने व झुडपांच्या आडोशाने केला. कित्येक गावांस तो शेजारून गेल्याचा पत्ताही लागला नाही. ह्यावरून दोन गोष्टी समजाव्या. रान म्हणजे नकाशावरील हिरवा डाग एवढेच नव्हे. एका डागापासून दुसऱ्यापर्यंतची वाट आपल्या शेतांतून जाते. आणि त्या वाटेवरील नाल्याकाठची झुडपे निरुपयोगी वाटली तरी कोणाच्या तरी उपयोगाची असतात.

येथे कोणी शेतकरी पालक म्हणतील, "हे सर्व ऐकावयास गोड आहे, परंतु रोही आणि रानडुकरे एका रात्रीत उभे पीक लोळवितात, त्याचे काय?" हा आक्षेप खरा आहे, आणि जे व्याख्यान ह्यास टाळते ते अपुरे समजावे. पीक बुडालेल्या माणसास वनश्रीचे वर्णन ऐकविणे हा निर्दयपणा होय. वन्य प्राण्यांनी पिकाचे, गुरांचे वा माणसाचे नुकसान केल्यास सरकारकडून भरपाई मिळण्याची तरतूद आहे. नुकसानीची खबर वनखात्यास ताबडतोब द्यावी, पंचनामा करवून घ्यावा, व अर्जाची पोच जपून ठेवावी. ज्यांस लिहिता येत नाही त्यांचा अर्ज आमच्या वरच्या वर्गातील विद्यार्थी लिहून देऊ शकतील, आणि तसे त्यांनी अवश्य करावे. पक्ष्यांविषयी बोलणाऱ्याने हेही सांगावे, म्हणजे त्याचे बाकीचे म्हणणे लोक ऐकतील.

नुकसान करणाऱ्याची दुसरी बाजूही कळली पाहिजे. भोरड्यांचे थवे ज्वारीवर पडतात आणि राखणदार गोफण घेऊन धावतो. हीच भोरडी मध्य आशियातील आपल्या मूळ मुलखात टोळ खाते. चीनच्या शिनच्यांग प्रांतात तर लोक तिने यावे म्हणून तिच्यासाठी दगडांचे ढीग रचून घरट्यांची सोय करितात. आपल्याकडे फाल्गुनात ती पळसाच्या फुलांतील मध पिते, म्हणून तिला 'पळसमैना' असेही म्हणतात. घुबडास आपण अशुभ समजतो. परंतु धान्याच्या कणगीभोवतीचे उंदीर तेच खाते. धामण दिसताच काठी उचलितो. तीही बिनविषारी असून उंदरांवरच जगते. पोपटाला हौसेने पिंजऱ्यात ठेवितो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

शेवटी लोणारचे एक उदाहरण देऊन पुरे करू. काळ्या खडकातील सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर ज्वालामुखीचे असावे असे पूर्वी कित्येकांस वाटे. १९७३ साली दगडांच्या परीक्षेवरून ते उल्केच्या आघाताने झाल्याचे सिद्ध करण्यात आले. २०२० च्या जूनमध्ये त्याचे पाणी एकाएकी गुलाबी दिसू लागले. लोकांत नाना अफवा उठल्या. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले, आणि उलगडा झाला. कडक उन्हाने पाणी आटून खारटपणा वाढला होता. त्यामुळे खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्म जीव फार माजले, आणि गुलाबी रंग त्यांचाच होता. ते खाली बसल्यावर पाणी पुन्हा निवळ दिसले. त्याच वर्षी लोणारचा समावेश जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला. अफवा व ज्ञान ह्यांतील अंतर एवढेच असते, की कोणीतरी बाटलीभर पाणी भरून विचारावयास नेतो.

आता विद्यार्थ्यांस आमचे सांगणे असे. येत्या सप्ताहापूर्वी एक वही करा. तीत तारीख, वेळ, जागा, पाहिलेला पक्षी, तो काय करीत होता, आणि घरातील मोठी माणसे त्यास काय म्हणतात, हे लिहा. पुस्तकी नाव ठाऊक नसले तरी अडून राहू नका. आजीने सांगितलेले नाव आधी लिहा. आपल्या शिवारातील वड, पिंपळ व उंबर मोजा, आणि ते कोणाच्या बांधावर आहेत हे टिपून ठेवा. व्याख्यानाच्या दिवशी ही वही वक्त्यापुढे ठेवा व जे कळले नाही ते विचारा.

पालकांसही आमची विनंती आहे. मुलांबरोबर आपण अवश्य यावे, आणि मागच्या रांगेत गप्प बसू नये. आपल्या लहानपणी नाल्यावर कोणती पाखरे येत, गिधाडे शेवटची केव्हा दिसली, कोणता वृक्ष कोणत्या साली पडला, हे आपल्यावाचून दुसऱ्या कोणास सांगता येणार नाही. ते आपण सांगावे, आणि मुलांनी लिहून घ्यावे.